बेसिनमधला लाल थेंब

सकाळी अर्धवट झोपेत तुम्ही ब्रश करता, चूळ भरता, बेसिनमध्ये थुंकता. पांढऱ्या फेसात एक लालसर रेघ दिसते. तुम्ही काय करता?

नळ सोडता. रेघ वाहून जाते. लेक्चर असतं, लोकल पकडायची असते, डबा भरायचा असतो. विषय संपला.

खोटं कशाला बोलू, मीही हेच करत होते. हॉस्टेलला असताना तर जवळपास वर्षभर. खालच्या पुढच्या दातांपाशी रक्त यायचं, म्हणून मी त्या जागी ब्रश फिरवणंच सोडून दिलं. दुखऱ्या जागेला हात लावायचा नाही, इतकं साधं लॉजिक! रक्त काही थांबलं नाही. उलट तोंडाला वास यायला लागला आणि माझ्या बॅगेत कायमची च्युइंगगमची डबी आली.

आता जरा विचार करा. बोटाला कापलं आणि त्यातून रोज सकाळी, महिनोन् महिने रक्त येत राहिलं, तर आपण गप्प बसू का? मग हिरडीला वेगळा न्याय का?

हा प्रश्न मला स्वतःहून पडला नव्हता. तो मामामुळे पडला.

मामाची दाढ

माझ्या मामाला सहा महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज सुरू झाल्या. मागच्या महिन्यात त्याची एक दाढ हलायला लागली. ती काढायला तो डेंटिस्टकडे निघाला आणि सोबत मी गेले.

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "काका, कुठली औषधं चालू आहेत?"

मामा अभिमानानं म्हणाला, "रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या. पण दात काढायचाय म्हणून चार दिवस झाले, बंदच केल्यात. शेजारचे म्हणाले, नाहीतर रक्त थांबत नाही."

मॅडमनी हातातला आरसा खाली ठेवला. दाढ राहिली बाजूला, आधी मामाच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन लागला. त्यांच्या सांगण्यावरून गोळ्या तिथल्या तिथे सुरू झाल्या. का, ते पुढे सांगते. निघताना मॅडम मामाला आणखी एक गोष्ट म्हणाल्या, "एक दाढ काढून भागणार नाही. हिरड्यांना सगळीकडे सूज आहे. तुमच्या हृदयासाठीही ती बरी नाही."

हिरड्या आणि हृदय? मला वाटलं, घाबरवतायत. घरी येऊन वाचायला बसले. जे वाचलं त्यातलं काही धक्कादायक होतं आणि काही मी समजत होते त्यापेक्षा बरंच सावध. दोन्ही तुम्हाला सांगायचंय.

बारा जणांनी ब्रश सोडला

सुरुवात एका भन्नाट प्रयोगापासून. साल १९६५, डेन्मार्कमधलं आर्हुस शहर. हाराल्ड लो नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिरड्या एकदम ठणठणीत असलेल्या बारा जणांना सांगितलं, दात घासणं बंद करा. या बारांमध्ये बहुतेक जण डेंटलच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. म्हणजे आपल्याच वयाचे.

दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. एकही सुटला नाही. मग त्यांनी पुन्हा नीट घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

या प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. एक, हिरड्या बिघडायला म्हातारपण लागत नाही, परीक्षेचे दोन-तीन आठवडे पुरतात. दुसरी जास्त महत्त्वाची. या टप्प्यावर सगळं परत मिळवता येतं. हिरड्यांच्या या सुरुवातीच्या सुजेला जिंजिव्हायटिस म्हणतात. बेसिनमधली लाल रेघ बहुतेक वेळा हीच असते.

पण तिकडे दुर्लक्ष केलं तर? दातांवर जमणारा चिकट थर, म्हणजे प्लाक, म्हणजे जंतूंची भरगच्च वस्ती. तो काढला नाही तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं दगडासारखं किटण होतं. ते ब्रशनं निघत नाही. किटणाच्या आधारानं जंतू हिरडीखाली सरकतात, हिरडी दातापासून सुटते आणि मधे खिसा तयार होतो. त्यात आणखी जंतू. शेवटी दात धरून ठेवणारं जबड्याचं हाडच झिजायला लागतं. हा पेरिओडॉन्टायटिस. आजी ज्याला पायरिया म्हणते तोच. झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही. मामाची दाढ किडली नव्हती. तिच्या खालची जमीनच खचली होती.

आणि हे सगळं फारसं न दुखता होतं. दाढ ठणकली तर आपण रात्री अकराला लवंग शोधतो. हिरडी बिचारी ठणकत नाही, म्हणून तिचा नंबर लागत नाही.

मग रक्ताची गुठळी कुठून आली?

रक्त गोठणं हा काही आजार नाही. ते गोठतं म्हणून तर कांदा चिरताना बोट कापलं तरी आपण जगतो. जखम झाली की प्लेटलेट्स धावत येऊन एकमेकींना चिकटतात, फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनापासून धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि भोक बुजतं. गडबड होते ती गुठळी नको तिथे झाली की. हृदयाच्या रक्तवाहिनीत झाली तर हार्ट अटॅक, मेंदूच्या रक्तवाहिनीत झाली तर स्ट्रोक, पायाच्या खोल शिरेत झाली तर पाय सुजतो आणि तिथून ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

आता हिरडीकडे या. तोंडभर पेरिओडॉन्टायटिस झालेल्या माणसाच्या सगळ्या खिशांची आतली बाजू एकत्र पसरली, तर एका अंदाजानुसार ती ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते. म्हणजे काडेपेटीच्या पाठीएवढी उघडी जागा. दंडावर एवढी जखम असती तर आईनं आपल्याला ओढत दवाखान्यात नेलं असतं. तोंडातली दिसत नाही, इतकाच फरक.

या जखमेतून तीन गोष्टी होतात.

पहिली, जंतू रक्तात शिरतात. जेवताना, ब्रश करताना थोडे जंतू कुणाच्याही रक्तात जातात आणि शरीर ते निपटून काढतं. पण सुजलेल्या हिरड्यांतून हे जाणं वाढतं. या जंतूंपैकी काही, उदाहरणार्थ पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटायला लावतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

दुसरी, सूज फक्त तोंडात राहत नाही. हिरडीतून निघालेले रासायनिक निरोप यकृतापर्यंत पोचतात. यकृताला वाटतं, कुठेतरी मोठी जखम झालीय. मग ते सीआरपी नावाचं प्रथिन आणि तेच ते फायब्रिनोजेन जास्त बनवायला लागतं. गुठळीचा कच्चा माल वाढतो, म्हणा ना.

तिसरी, रक्तवाहिन्यांचं आतलं गुळगुळीत अस्तर या सततच्या सुजेनं बिघडतं. रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साठलेला असेल आणि तो फुटला, तर त्या जागी गुठळी होते. हार्ट अटॅक बहुतेक वेळा असाच येतो.

गंमत बघा. तोंडात रक्त वाहतं आणि तेच दुखणं आतल्या रक्ताला मात्र गोठायच्या बाजूला ढकलतं.

पुरावा कितपत पक्का?

इथे थांबून प्रामाणिकपणे सांगायला हवं. नाहीतर हा लेख म्हणजे फॅमिली ग्रुपवरचा आणखी एक फॉरवर्ड होईल.

१९८९ साली फिनलंडमध्ये किमो मॅटिला आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक आलेल्या १०० रुग्णांचे दात तपासले आणि इतर १०२ लोकांशी ताडून पाहिले. रुग्णांचे दात-हिरड्या जास्त खराब निघाल्या. वय, सिगरेट, कोलेस्टेरॉल, डायबेटिस यांचा हिशेब धरूनही फरक उरलाच. तिथून या विषयाला वेग आला.

२०१३ मध्ये फिनलंडमधल्याच टाम्पेरे शहरातल्या संशोधकांनी थेट गुठळीच तपासली. १०१ रुग्णांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीतून हार्ट अटॅकच्या वेळी ओढून काढलेल्या गुठळ्यांपैकी सुमारे ७८ टक्क्यांमध्ये तोंडातल्या, खासकरून दाताच्या मुळाशी सापडणाऱ्या जंतूंचा डीएनए मिळाला. हिरड्यांच्या आजाराचे जंतू सुमारे ३५ टक्क्यांमध्ये. वाचताना मी नकळत जिभेनं दात चाचपून बघितले! पण जंतू तिथे सापडले म्हणजे गुठळी त्यांनीच केली, असं सिद्ध होत नाही. गर्दीत सापडलेला प्रत्येक जण पाकीटमार नसतो.

२००७ मध्ये लंडनमध्ये पेरिओडॉन्टायटिस बळावलेल्या १२० जणांवर अभ्यास झाला. काहींच्या हिरड्यांवर कसून उपचार केले, काहींवर नेहमीचे. कसून उपचार झालेल्यांच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या दिवशी उलट थोड्या बिघडलेल्या दिसल्या, कारण साफसफाईनं जंतू आणि सूज तात्पुरती उसळली. पण सहा महिन्यांनी त्यांच्याच रक्तवाहिन्या जास्त चांगलं काम करत होत्या.

मग हिरड्या बऱ्या केल्या की हार्ट अटॅक टळतो, असं म्हणायचं का? नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये सगळे अभ्यास पुढ्यात घेऊन सांगितलं की दोन आजारांचा संबंध आहे, पण एक दुसऱ्याचं कारण आहे हे सिद्ध झालेलं नाही. अडचण साधी आहे. सिगरेट, तंबाखू आणि डायबेटिस हिरड्याही बिघडवतात आणि हृदयही. यातला गुन्हेगार वेगळा काढणं सोपं नसतं. पायातल्या शिरेच्या गुठळीबाबत तर पुरावा आणखी कमी आहे.

ही सावधगिरी का हवी, ते इतिहासानं दाखवलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत एक लाट आली होती. सांधे दुखतायत, पोट बिघडलंय, मन उदास आहे, सगळ्याचं मूळ दातांतल्या जंतूंमध्ये शोधायचं आणि दात उपटायचे. असंख्य लोकांचे धडधाकट दात गेले. पुढे ती कल्पना टिकली नाही. म्हणून आज कुणी "दात घासा, हार्ट अटॅक पळवा" म्हणत असेल, तर रील स्क्रोल करा आणि पुढे चला.

एका बाबतीत मात्र संबंध पक्का आहे. ज्यांच्या हृदयाच्या झडपा आधीच खराब आहेत किंवा ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांच्या रक्तात तोंडातले जंतू गेले तर ते झडपेवर घर करू शकतात. तिथे जंतू, प्लेटलेट्स आणि फायब्रिन यांचा गोळा वाढतो. त्याचा तुकडा सुटून मेंदूतही जाऊ शकतो. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं झडपा खराब झालेली तरुण मुलं-मुली बरीच आहेत. त्यांच्यापैकी तुम्ही असाल, तर डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याआधी हे सांगा. काही रुग्णांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

त्या चार दिवसांत काय झालं असतं?

आता मामाच्या गोळ्या. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. नव्या जाळीवर गुठळी जमायला बघते आणि त्या दोन गोळ्या तिला अडवून धरतात. त्या अचानक बंद केल्या तर स्टेंटच बंद होऊ शकतो. म्हणजे पुन्हा हार्ट अटॅक, तोही मोठा. शेजारच्या काकांनी हे सगळं दाढेतलं रक्त वाचवायला सुचवलं होतं!

खरं तर एखादा दात काढायला या गोळ्या बहुतेक वेळा बंद कराव्याच लागत नाहीत. रक्त जरा जास्त वेळ येतं. ते बोळा घट्ट दाबून किंवा टाका घालून थांबवता येतं. वॉरफरिनसारखी गोळी असेल तर आधी आयएनआर ही रक्ताची तपासणी करून ठरवतात. निर्णय हार्टचे डॉक्टर आणि डेंटिस्ट मिळून घेतात. शेजारी, व्हॉट्सअ‍ॅप आणि आपण, तिघांनीही त्यात पडायचं नाही.

मामाची दाढ नंतर निघाली. गोळ्या चालू असताना. टाका पडला, अर्धा तास बोळा दाबून बसला, संध्याकाळी गार दूधभात खाल्ला.

तुमच्या घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर आज रात्री जेवताना एवढं एक वाक्य सांगा. बाकी लेख विसरलात तरी चालेल.

तंबाखूची चलाखी

"माझ्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही, मी सिगरेट ओढूनसुद्धा," असं म्हणणारा एक मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. त्याला सांगा, ही चांगली बातमी नाही. सिगरेटनं हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून रक्त कमी दिसतं. हाड आतून झिजतच असतं. सिगरेट आजार वाढवते आणि वर धोक्याचा दिवाही विझवते.

आपल्याकडे तंबाखूची रूपंही किती! महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी कॉलेजच्या भिंतींचे कोपरे लाल असतात. आणि मिशरी? ती तर दात घासायची वस्तू म्हणून घराघरात शिरली. गावाकडे अजूनही कित्येक आज्या-काकूंची सकाळ भाजलेल्या तंबाखूच्या त्या काळ्या पुडीनं सुरू होते. तिनं दात साफ होत नाहीत. ज्या हिरडीवर ती रोज घासली जाते, तीच तंबाखूच्या तावडीत सापडते. आजीला ओरडू नका. तिला सवय लागलीय, व्यसन म्हणून कुणी सांगितलंच नाही. शेजारी बसा आणि समजावून सांगा.

तुम्ही काय कराल?

• रक्त येतंय म्हणून ब्रश थांबवू नका. मऊ ब्रश घ्या, दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरका धरा आणि हलक्या हातानं दोन मिनिटं फिरवा. भांडी घासल्यासारखं नाही.

• रात्रीचा ब्रश चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंचं फावतं.

• दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे फ्लॉस किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश वापरा. पहिले काही दिवस रक्त येईल, मग कमी होत जाईल.

• नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर डेंटिस्टकडे जा. किटण फक्त तिथेच निघतं. मिठाच्या गुळण्यांनी बरं वाटतं, पण किटण जात नाही.

• "क्लीनिंग केलं की दात हलतात" हे खोटं आहे. किटणानं बुजलेली फट मोकळी होते, म्हणून तसं वाटतं. दात सैल झालेला असतो तो आजारानं.

• पावसाळ्यात ताप असेल आणि हिरड्यांतून रक्त आलं, तर ब्रशला दोष देऊ नका. डेंग्यूतला तो धोक्याचा इशारा असू शकतो. लगेच हॉस्पिटल गाठा. अंगावर विनाकारण काळे-निळे डाग पडत असतील तरीही डॉक्टरांना दाखवा.

• छातीत दाब आणि दरदरून घाम, चेहऱ्याची एक बाजू वाकडी, बोलणं अडखळणं, अचानक धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. एकच पाय सुजून दुखायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पैशांचं काय, असं तुम्ही म्हणाल. हॉस्टेलच्या बजेटमध्ये डेंटिस्ट बसत नाही, मान्य. पण डेंटल कॉलेजं कशासाठी आहेत? मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं आहे. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा खूपच कमी खर्चात काम होतं. शिकणारे विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली दात साफ करतात. वेळ लागतो, रांग असते. पुस्तक घेऊन जा.

मीही जाऊन आले. खुर्चीत माझ्याच वयाची मुलगी माझे दात साफ करत होती. खालच्या पुढच्या दातांमागून, जिथे मी ब्रश फिरवणं सोडलं होतं बरोबर तिथून, तिनं पिवळट खडे काढले आणि ट्रेमध्ये ठेवले. "हे सगळं तुझंच," म्हणाली. लाज वाटली. पण हाड शाबूत होतं. मी त्या डेन्मार्कच्या बारा जणांच्याच टप्प्यावर होते, मामाच्या नाही. तिसऱ्या आठवड्यात बेसिनमधली रेघ दिसायची थांबली.

माझा हार्ट अटॅक यानं टळला का? तसं कुणीच सांगू शकत नाही. पण तोंडातली एक उघडी जखम बंद झाली आणि तेवढं कारण मला पुरलं.

उद्या सकाळी थुंकल्यावर नळ लगेच सोडू नका. एकदा खाली बघा.